पेंडीतली बुरशी ‘जैविक’ पावडरने जाते का? दुधात विष उतरलंय, कृपया नीट सांगा

गोठेवाली_बाळकुम · मंगळवार, रात्री १०.४२

नमस्कार. मी ठाण्यात बाळकुमला राहते. सासऱ्यांनी सुरू केलेला गोठा गेली अकरा वर्षं मी बघते. नऊ म्हशी, तीन गायी, दोन पारड्या. दुधात आत्ता सात म्हशी आणि दोन गायी आहेत. दूध ढोकाळी आणि कोलशेतच्या इमारतींमध्ये घरोघरी जातं, दीर पहाटे स्कूटरवर किटल्या घेऊन निघतो. अठ्ठेचाळीस घरं आहेत. त्यातली निम्मी सासऱ्यांच्या वेळेपासूनची.

त्यातल्याच एका ताईंचं बाळ दीड वर्षाचं आहे. त्यांनी कुठेतरी वाचलं आणि आमचं दूध स्वतःच्या पैशाने तपासून घेतलं. आज दुपारी चारला, मी गव्हाणी झाडत असताना, त्यांनी फोनवर रिपोर्ट पाठवला. बाकी सगळं चांगलं. फॅट चांगलं, पाणी नाही, युरिया नाही. पण खाली एक ओळ आहे: अफ्लाटॉक्सिन एम-१ (म्हणे बुरशीचं विष), ०.८२ मायक्रोग्रॅम प्रति किलो. पुढे मर्यादा ०.५. ताई रागावल्या नाहीत. “तुम्हाला कळावं म्हणून पाठवलं” एवढंच म्हणाल्या. त्यामुळे मला जास्तच लागलं.

कारण मला माहीत आहे, आणि ते लपवून उपयोग नाही. शेंगदाण्याच्या पेंडीच्या सहा गोण्या जूनच्या शेवटी आणल्या. गोदामाचा एक पत्रा मागच्या बाजूने गळतो. भिंतीला टेकलेल्या गोणीचं तोंड सोडलं तेव्हा आत मुठीएवढ्या गाठी होत्या. फोडली की हिरवट पिवळी भुकटी उडायची. वास जुन्या ओल्या गोधडीचा. मी गाठी वेचून टाकल्या, उरलेली पेंड दोन दिवस उन्हात दिली (ऊन होतं तेवढं) आणि आंबोणात घातली. सासरेही असंच करायचे. साडेतीन हजारांची गोणी फेकून द्यायला हात धजत नाही.

आता खाद्याच्या दुकानदाराने एक पावडर दिली आहे. ३८० रुपये किलो. म्हणाला, “वहिनी, हे जैविक आहे, चांगली बुरशी वाईट बुरशीला खाते, परदेशात शेतकरी हेच वापरतात.” पाकिटावर यीस्ट आणि लॅक्टोबॅसिलस लिहिलंय. खरंच अशी बुरशी असते का, जी पेंडीतलं विष खाऊन टाकेल? आणि दूध उकळल्यावर हे जातं का? ताईंना काय सांगू? उद्या पहाटेचं दूध द्यायचं की नाही, हेही मला कळत नाहीये.

दाणाबंदर_तुर्भे · मंगळवार, रात्री ११.१५

ताई, मी वाशी मार्केटला, म्हणजे तुर्भ्याच्या दाणाबाजारात, शेंगदाण्याच्या गाळ्यावर सतरा वर्षं आहे. पावडरीचं मला कळत नाही, पण पेंडीचं सांगतो.

खाण्याचा शेंगदाणा निवडून जातो. सुरकुतलेला, काळपट, फुटका, डाग पडलेला दाणा बाजूला निघतो. हा बाजूला निघालेला माल फेकत नाहीत, तेलाला जातो. बुरशीचं विष असतं ते बहुतेक याच दाण्यात. घाण्यात तेल निघालं की विषाचा मोठा भाग तेलाबरोबर जात नाही, मागे पेंडीत राहतो. म्हणजे तुमच्या गोदामात पाणी गळायच्या आधीच त्या पेंडीत काही ना काही असू शकतं. सगळा दोष पत्र्याचा नाही, आणि तुमचाही नाही. पुढच्या वेळी पेंड घेताना कुठल्या दाण्याची आहे ते विचारा, आणि तपासणीचा कागद मागा. मोठे खाद्य कारखाने तपासूनच घेतात. छोटा गिऱ्हाईक विचारत नाही म्हणून त्याला कुणी दाखवत नाही.

काचनळी · बुधवार, सकाळी ६.०५

ताई, तुमची पोस्ट रात्री वाचली. पहाटे उठून लिहिते आहे, कारण दीर निघायची वेळ झाली असेल. आधी तातडीचं सांगते, बाकीचं नंतर.

शेंगदाण्याची पेंड आजपासून पूर्ण बंद. चांगली दिसणारी गोणीसुद्धा. दूध उकळून हे विष जात नाही. पाश्चरायझेशननेही जात नाही. अफ्लाटॉक्सिन वितळायलाच अडीचशे अंशांच्या वर उष्णता लागते, तुमचं दूध शंभरावर उतू जातं. दही लावूनही जात नाही. पनीर केलं तर एम-१ केसिनला, म्हणजे दुधातल्या प्रथिनाला, चिकटून राहतं, म्हणून पनीरमध्ये ते उलट दाटतं. तुपात फार थोडं उतरतं. ज्यांच्याकडे लहान मूल आहे त्यांना पुढचे पाच-सहा दिवस दुसरीकडून दूध घ्यायला सांगा. हे सांगणं जड जाईल, पण सांगा.

धीर देणारी गोष्टही आहे. जनावराने दूषित खाद्य खाल्लं की एका दिवसात एम-१ दुधात दिसतं, आणि खाद्य थांबवलं की तीन-चार दिवसांत जवळजवळ निघून जातं. दूध काही कायमचं नासलेलं नाही.

काचनळी · बुधवार, दुपारी १.३०

जेवायच्या सुट्टीत पुढचं लिहिते. मी महापे एमआयडीसीतल्या एका अन्नतपासणी प्रयोगशाळेत काम करते. दूध, पेंड, मका, शेंगदाणे, सुकी मिरची हे माझ्या टेबलावर रोजचं आहे, आणि अफ्लाटॉक्सिन त्यातलं सगळ्यात जास्त वेळा येणारं विष.

तुमचा आकडा खाद्याच्या बाजूने उलटा मांडून बघूया. तुमची एक म्हैस सरासरी सात लिटर देते असं धरते. सात लिटरमध्ये ०.८२ च्या दराने साधारण पावणेसहा मायक्रोग्रॅम एम-१ रोज दुधात येतंय. जनावर जेवढं बी-१ (खाद्यातलं मूळ अफ्लाटॉक्सिन) खातं त्यातलं शेकडा एक ते दोन एम-१ होऊन दुधात उतरतं, खूप दूध देणाऱ्या गायीत सहा टक्क्यांपर्यंत. दोन टक्के धरले तर ती म्हैस रोज २८७ मायक्रोग्रॅम बी-१ खाते आहे. चार किलो आंबोण दिलंत तर किलोमागे सरासरी ७२. आपल्याकडे पशुखाद्याच्या मानकात मर्यादा २० आहे. साडेतीन पट. आणि सगळं विष दीड किलो पेंडीतूनच येत असेल तर त्या पेंडीत किलोमागे १९० च्या आसपास असावं. ढोबळ हिशोब आहे, पण अशा पेंडी मी पाहिल्या आहेत. तुमच्या गोठ्यात काही जगावेगळं घडलेलं नाही. २०१८ सालच्या देशभरच्या दूध पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुने एम-१ च्या मर्यादेबाहेर होते.

आता तुमचा खरा प्रश्न. बुरशी बुरशीला हरवते का? हो. पण शेतात, आणि विष तयार व्हायच्या आधी. दुकानदाराने दोन वेगळ्या गोष्टींची एक मोट बांधली आहे.

ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी मातीत सगळीकडे असते. हिच्याच नावावरून विषाला अ-फ्ला-टॉक्सिन म्हणतात. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी पटापट मेले, तेव्हा कारण शोधता शोधता शास्त्रज्ञ पोचले कुठे, तर ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत. हे विष जगाला कळलं तेच पेंडीमुळे. पण या फ्लेव्हस बुरशीचे सगळे वाण विष करत नाहीत. काहींच्या जनुकात विष बनवणारी साखळी तुटलेली असते, काहींमध्ये तर पूर्ण गायब असते. दिसायला, वाढायला, खायला तीच बुरशी, पण विष नाही.

अमेरिकेच्या कृषी संशोधन सेवेतल्या पीटर कॉटी यांनी ॲरिझोनाच्या कापसाच्या शेतातून असा एक बिनविषारी वाण काढला, एएफ-३६. कापूसच का? कारण तिथली सरकी दुभत्या गायींना जाते आणि विष दुधात उतरतं. ताई, तुमचाच प्रश्न, फक्त ॲरिझोनात. त्यांनी निर्जंतुक केलेल्या गव्हाच्या दाण्यांवर हा वाण वाढवला आणि ते दाणे शेतात पसरले. ओल मिळाली की दाण्यावर बिनविषारी बुरशी फुलते, तिचे बीजाणू हवेत जातात आणि बोंडावर विषारी वाणाच्या आधी जाऊन बसतात. ठाण्याला वाशीची गाडी फलाटावर लागते तेव्हा ऐरोलीहून उलटे बसून आलेले लोक खिडक्या धरून बसलेले असतात ना, तसंच. आपण दारात ढकलाढकली करून काय उपयोग, जागा गेलेली असते. इथेही कोणी कोणाला खात नाही. जागा आधी धरली जाते, एवढंच.

शेंगदाण्यासाठी अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यात जो डॉर्नर यांनी दुसरा वाण आणला, तो जवाच्या दाण्यावरून देतात. २००३-०४ च्या सुमारास दोन्हींना अमेरिकेत परवानगी मिळाली. पुढे नायजेरियात, इबादानच्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेत, रणजित बंदोपाध्याय यांच्या चमूने तिथल्याच मातीतले चार वाण एकत्र करून अफ्लासेफ तयार केलं. हे बंदोपाध्याय आधी आपल्या हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत होते. भाजलेल्या ज्वारीच्या दाण्यांवर बुरशी असते, मका फुलोऱ्यावर यायच्या दोन-तीन आठवडे आधी हेक्टरी दहा किलो हाताने फेकतात. शेतात ऐंशी टक्क्यांहून जास्त विष कमी झालेलं अनेक हंगामांत दिसलं आहे, आणि कणसं घरी साठवल्यावरही फायदा टिकतो, कारण दाण्यासोबत घरी येते ती बिनविषारी बुरशी. वाण स्थानिक मातीतलेच का? कारण तिथल्या उन्हाला आणि पिकाला ते सरावलेले असतात. तिथलं पाकीट इथे आणून टाकायचं नसतं.

आता तुमच्या गोणीत बघा. जागा भरली आहे. विष बनून दाण्यात मुरलं आहे. बुरशी मेली तरी विष तिथेच राहतं, म्हणून ऊन देऊन फायदा झाला नाही. उन्हाने पेंड वाळते, वास जातो, गाठी सुटतात, आणि आपल्याला वाटतं झालं. गाठी वेचल्यानेही भागत नाही. मी नमुना घेताना एकाच गोणीत दहा ठिकाणी परखी (नमुना काढायची पोकळ सळई) खुपसते. एका ठिकाणी किलोमागे ८ मायक्रोग्रॅम, हातभर बाजूला ३००. डोळ्यांना दोन्ही सारखीच.

पाकिटावरचं यीस्ट आणि लॅक्टोबॅसिलस ही तिसरीच गोष्ट. ती खोटी नाही, पण तिचं काम वेगळं. यीस्टच्या पेशीभित्तिकेतले ग्लुकन आणि काही लॅक्टिक जीवाणूंच्या भिंती विषाच्या रेणूला चिकटवून धरतात. जनावराच्या पोटात विष रक्तात जायच्या आत चिकटलं तर शेणातून बाहेर पडतं. १९९८ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी लॅक्टोबॅसिलसच्या एका वाणावर हे नळीत चांगलं दाखवलं होतं. पण धरतं म्हणजे मोडत नाही. पकड सुटूही शकते. अफ्लाटॉक्सिनसाठी बेंटोनाइट माती सगळ्यात भरवशाची पकड देते, आणि ती जैविक नाहीच, खनिज आहे.

विष खरोखर मोडणारे जीवही आहेत. १९६६ सालीच फ्लेव्होबॅक्टेरियम ऑरँशियॅकम नावाचा जीवाणू सापडला, जो द्रवातलं अफ्लाटॉक्सिन नाहीसं करतो. पण तो असा भडक नारिंगी आहे की खाद्याला रंग चढवतो, आणि प्रयोगशाळेतून गोठ्यात आलाच नाही. मक्यातल्या फ्युमोनिसिन या दुसऱ्या विषाला तोडणारं विकर (एन्झाइम) मात्र युरोपात डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात वापरतात. ते विकर अफ्लाटॉक्सिनला हात लावत नाही. प्रत्येक विषाच्या कुलपाची चावी वेगळी. म्हणून कुणी “सगळ्या बुरशीजन्य विषांवर एकच पावडर” म्हणालं की मी आधी विचारते, कुठल्या विषावर, आणि तपासणी कुठे आहे?

सुट्टी संपली. संध्याकाळी उत्तरं देते.

मुरबाडचा_माळ · बुधवार, संध्याकाळी ७.२०

काचनळीताई, फार चांगलं समजावलंत. मी मुरबाडचा, उन्हाळी भुईमूग करतो एक एकरभर, बाकी भात आणि भेंडी. आमच्याकडे शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून घालतात, मूळकूज येऊ नये म्हणून. ती पण बुरशीच. मग ट्रायकोडर्मा या विषाच्या बुरशीला चालत नाही का? आणि ताईंसारख्या गोठेवाल्यांनी आमच्याकडून थेट शेंगा घेतल्या तर? मी मे महिन्यात काढतो, पहिल्या पावसाच्या आधी पळापळ असते.

काचनळी · बुधवार, रात्री ९.५०

दादा, ट्रायकोडर्मा चालते, पण ती वेगळी लढते. ती खरोखर दुसऱ्या बुरशीवर चढते, वेटोळे घालते, विकरांनी तिची भिंत विरघळवते. दुकानदाराने सांगितलेलं “बुरशी बुरशीला खाते” हे ट्रायकोडर्माबद्दल खरं आहे. इक्रिसॅटमध्ये भुईमुगावर ट्रायकोडर्मा, स्यूडोमोनास, शेणखत, जिप्सम यांचे प्रयोग झाले आहेत आणि शेंगांवरची फ्लेव्हस कमी झाली. पण ट्रायकोडर्माचं काम मातीत, शेंग जमिनीत असताना. शेंग वर आली की तुमचं काम.

आणि मला वाटतं ते काम जास्त मोठं आहे. भुईमूग भरताना शेवटच्या तीन-चार आठवड्यांत पाण्याचा ताण बसला आणि माती तापली की फ्लेव्हस शेंगेत शिरते. उन्हाळी पिकाला शेवटचं पाणी चुकवू नका. काढल्यावर डहाळे उलटे करा, शेंगा वर, पानं खाली, म्हणजे शेंगेला वारा लागेल. ढीग घालू नका, ढिगाच्या पोटात रात्रीत वाफ धरते. शेंग हलवली की दाणा खुळखुळ वाजला पाहिजे. दाण्यात ओल आठ टक्क्यांच्या खाली यायला हवी. मक्याला बारा-तेरापर्यंत चालतं, शेंगदाण्याला नाही, कारण त्यात तेल जास्त आणि उरलेल्या भागात पाणी दाटतं. नांगराने फुटलेली शेंग वेगळी ठेवा, बियाण्याला नको, पेंडीलाही नको.

अंबरनाथचे_काका · गुरुवार, सकाळी ८.१०

माझं वय ७६. मध्ये बोलतो म्हणून राग मानू नका. १९७४ साली मी नोकरीला दाहोदला होतो, पंचमहालात. त्या वर्षी मका काढायच्या वेळी पाऊस आला. आदिवासी वस्त्यांमध्ये लोकांनी ओला मका घरात मातीच्या कोठ्यांत भरला, कारण ठेवायला दुसरं काही नव्हतं, खायलाही दुसरं काही नव्हतं. मग कावीळ, पोटात पाणी. इकडे पंचमहाल, तिकडे राजस्थानात बांसवाडा. शंभराहून जास्त माणसं गेली. हैदराबादच्या पोषण संस्थेची माणसं आली तेव्हा कळलं की मक्यातली बुरशी. त्याच घरातली कुत्रीही मेली होती, कारण उरलेली भाकर त्यांना जायची. मी एका घरात गेलो होतो. कोपऱ्यात कणसांचा ढीग, त्यावर हिरवं मखमलीसारखं पसरलेलं. बाई म्हणाली, धुऊन घेतो आम्ही. अजून डोळ्यांपुढे आहे.

गोठेवाली ताई, तुम्ही गाठी वेचून उरलेली घातली ते मी समजू शकतो. पण आता नका घालू.

गुरांचा_डॉक्टर_कळवा · गुरुवार, सकाळी ११.३०

थोडं जनावरांच्या बाजूने. म्हशीच्या कोठीपोटातले जीव काही बुरशीविषं मोडतात, ऑक्राटॉक्सिन बऱ्यापैकी मोडतं, पण अफ्लाटॉक्सिनवर त्यांचा फार जोर चालत नाही. पारड्यांचं कोठीपोट नीट तयार झालेलं नसतं, म्हणून त्यांना ही पेंड अजिबात दिली नसेल अशी आशा आहे. दिली असेल तर वाढ, केस, भूक बघा आणि मला किंवा जवळच्या दवाखान्यात दाखवा. दूध थोडं कमी होणं, माजावर उशिरा येणं, कासेचे आजार वाढणं, यकृत सुजणं, हे सगळं हळूहळू येतं आणि त्याचं खापर हवामानावर फोडलं जातं.

पेंड एकदम बंद केल्यावर प्रथिनं भरून काढायला तूर चुनी, हरभरा चुनी आणि सोयाबीन पेंड द्या. सोयाबीनवर हे विष तुलनेने कमी होतं. सरकी पेंड म्हणजे सुटका असं समजू नका, सरकीलाही हीच बुरशी लागते, तपासूनच घ्या. हे नवं खाद्य चार दिवसांत थोडं थोडं वाढवत न्या, नाहीतर पातळ शेण होईल. बेंटोनाइट किंवा यीस्ट असलेली पावडर दिलीत तरी ती चांगल्या खाद्यासोबत, वरचा आधार म्हणून. विषारी पेंड चालवायला म्हणून नाही.

गोठेवाली_बाळकुम · गुरुवार, रात्री १०.१५

तुम्हा सगळ्यांचे खूप खूप आभार. काल पहाटे काचनळीताईंचं पहिलं उत्तर वाचलं आणि दिराला थांबवलं. बाळ असलेली आमच्याकडे सहा घरं आहेत. त्या सहाही घरांत मी स्वतः फोन केला. दोघींनी कायमचं बंद केलं. एकीने विचारलं, “मागच्या महिन्याचं काय?” मला उत्तर देता आलं नाही. बाकी घरांना दिराबरोबर चिठ्ठी पाठवली, काय सापडलं आणि काय बंद केलं ते लिहून.

पारड्यांना पेंड दिली नव्हती, डॉक्टरसाहेब. त्यांना फक्त भरडा आणि गवत.

काकांचं वाचून सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून गोदामात गेले आणि टॉर्चने पत्रा बघत बसले.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मका मी आख्खा आणून इथेच भरडून घेते, तो ओला आहे की नाही हे घरी कसं कळेल? मीटर दीड-दोन हजारांच्या पुढे सांगतात. आणि उरलेल्या साडेतीन गोण्या पेंडीचं काय करू? कोलशेतच्या खाडीकडे एकजण गावठी कोंबड्या आणि बदकं पाळतो, तो अर्ध्या भावात घेऊन जायला तयार आहे.

काचनळी · गुरुवार, रात्री ११.०५

बदकांना अजिबात नको, ताई. सगळ्या पाळीव पक्ष्यांत बदकाचं पिल्लू या विषाला सगळ्यात लवकर मरतं. फुकटसुद्धा देऊ नका, आणि गोण्या उघड्यावर टाकू नका, कोणीतरी उचलून नेईल. खड्डा करून पुरा, त्यात शेण आणि माती थरांनी घाला. मातीतले जीव हे विष सावकाश मोडतात. त्या खड्ड्यातलं खत-माती भाजीच्या वाफ्याला किंवा भुईमुगाच्या शेताला जाणार नाही एवढं बघा. गोण्या हलवताना नाकातोंडाला ओला फडका नाही, चांगला मास्क लावा. ती भुकटी श्वासात जाऊ नये.

मक्यासाठी मीटरशिवाय एक युक्ती आहे, आम्ही शेतकऱ्यांना दाखवतो. झाकणाची कोरडी काचेची बरणी घ्या. दोन-तीन चमचे मीठ तव्यावर भाजून अगदी कोरडं करा, थंड करून बरणीत टाका. वर मूठ-दोन मूठ मका. झाकण लावून दोन-तीन मिनिटं जोरात हलवा, मग पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल पंधरा टक्क्यांच्या वर आहे, परत करा. मीठ मोकळं खाली राहिलं तर पंधराच्या खाली. तरी पावसात मी म्हणेन दोन आठवड्यांपुरताच आणा. ठाण्याच्या जुलैच्या हवेत कोरडा मकासुद्धा गोणीत ओल ओढून घेतो. गोणी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, आणि आधी आलेली आधी संपवायची.

पावडर घ्यायची असेल तर दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा: अफ्लाटॉक्सिन बी-१ साठी चाचणी झाली आहे का, आणि त्याचा कागद. नसेल तर तेच ३८० रुपये पुढच्या पेंडीच्या तपासणीत घाला.

मुरबाडचा_माळ · शुक्रवार, सकाळी ६.४०

बरणीची युक्ती आज करून बघतो. ताई, पुढच्या मे महिन्यात माझ्या शेंगा वाळल्या की सांगतो. तुम्ही येऊन दाणा वाजवून बघा, तपासणीला नमुनाही घेऊन जा. घाणा टोकावड्याला ओळखीचा आहे, तुमच्यासमोर पेंड काढून देईल. यंदा मी ट्रायकोडर्मा शेणखतातून घालणार आणि शेवटचं पाणी देणार, तेवढं नक्की.

गोठेवाली_बाळकुम · पुढच्या आठवड्यातला गुरुवार, रात्री ९.३०

कळवायचं राहिलं असतं तर बरं वाटलं नसतं म्हणून लिहिते.

पेंड थांबवल्यावर पाचव्या दिवशी सगळ्या जनावरांचं एकत्र दूध तपासायला दिलं, ०.२१ आलं. काल परत दिलं, ०.०९. दोन्ही रिपोर्ट मी चिठ्ठीसोबत सगळ्या घरांना पाठवले, ज्यांनी बंद केलं त्या दोन घरांनाही. दूध रोज चार लिटरने कमी आहे, चुनी महाग पडते आहे. गोदामाचे दोन पत्रे बदलले, फळ्या टाकल्या, भिंत मोकळी केली. साडेतीन गोण्या गोठ्यामागे पुरल्या. खड्डा सासऱ्यांनीच खणायला घेतला, दोन हात खणल्यावर मी फावडं त्यांच्या हातातून घेतलं.

नवीन आलेल्या मक्याला बरणी लावली. मीठ काचेला चिकटलं. दोन्ही गोण्या आज टेम्पोने परत पाठवल्या.

त्या ताईंनी, ज्यांनी पहिला रिपोर्ट पाठवला होता, सोमवारपासून बाळाचं दूध परत आमच्याकडून सुरू केलंय. अर्धा लिटर.